रांग चुकवायला निघालेली माणसं

आमच्या घरात माझं महत्त्व एका संध्याकाळी कसं वाढलं, ते आधी सांगते.

मी बेळगावच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि येळ्ळूरला थोरल्या भावाच्या, अण्णाच्या, शेजारी राहते. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून पाय नावापुरते. आधी कुबड्या होत्या, आता चाकांची खुर्ची आहे. हात मात्र असे, की गल्लीत कुणाला नारळ सोलायचा असला तर तो माझ्याकडे येतो. इतकी वर्षं घरची कुठलीही सहल निघाली की माझं काम ठरलेलं असायचं. झाडाखाली बसायचं आणि सगळ्यांच्या पिशव्या, चपला, मोबाईल सांभाळायचे. गोव्याचा समुद्र मी चपलांच्या ढिगामागून पाहिलाय. लाटा बऱ्या होत्या असं सगळे म्हणाले.

या उन्हाळ्यात भाचीनं, सायलीनं, टुमणं लावलं. निपाणीच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत माळावर मोठं करमणुकीचं पार्क झालंय, तिथं जायचं. आकाशपाळणा, पाण्यातल्या घसरगुंड्या, झोके घेणारं जहाज, सगळं आहे म्हणे. अण्णानं नेहमीचा प्रश्न विचारला, "आणि रांगा किती असतात गं?"

"खूप. एकेका राईडला तास तास," सायली म्हणाली. मग मोबाईलवर बोट फिरवत तिनं वाचलं, की व्हीलचेअरवरच्या माणसाला रांगेत थांबावं लागत नाही. त्याच्याबरोबर तिघांनाही सोडतात.

अण्णा, मंगलवहिनी आणि सायली, तिघंही माझ्याकडे बघायला लागले. दिवाळीत अनारशांच्या डब्याकडे बघतात तसं.

"सुमनताई," वहिनी म्हणाल्या, "तुमी आलाच पायजे बगा. तुमच्याबिगर काय मजा न्हाय."

"मागच्या वेळी म्हणालात, ताईला उन्हाचा त्रास हुईल."

"ते मागच्या वेळी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात कुरकुर ऐकू आली. बघते तर अण्णा माझी खुर्ची उलटी करून चाकांना तेल घालत होता. मी गेले वर्षभर त्याला तेल घाल म्हणून सांगत होते.

"अण्णा, माझी एक अट हाय," मी म्हणाले. "मला वाटंल त्या राईडमध्ये मी बसणार."

"बस की! कोण नको म्हणतंय?" तो म्हणाला. लहान पोराला चंद्र आणून देतो म्हणतात, त्या आवाजात.

वाटेत

बेळगाव सोडलं, काकती मागे पडलं आणि वंटमुरीच्या घाटात वारं लागलं. खुर्ची घडी घालून डिकीत होती. खड्डा आला की ती धडाड वाजायची आणि अण्णा मागे न बघता म्हणायचा, "सांभाळून रं," जणू आत कुणी बसलंय. उन्हाळ्यात हा सगळा मुलूख भाजलेल्या पापडासारखा दिसतो. मधेच एखाद्या विहिरीभोवती उसाचा हिरवा तुकडा, की पुन्हा लाल माती. संकेश्वरच्या पुढे दुकानांच्या पाट्यांवर कानडी आणि मराठी अक्षरं एकाच रंगात शेजारी शेजारी नांदताना दिसतात. भांडण असलंच तर ते पाट्यांना कुणी अजून सांगितलेलं नाही.

कट वड्यासाठी थांबायचं हे आमच्याकडे कुठल्याही प्रवासाचं कलम आहे. हॉटेल झकास होतं, पण दाराला उंच पायऱ्या. तिथल्या दोन वेटरांनी मला पाहिलं आणि एकमेकांना "उचल रं" म्हणून मला खुर्चीसकट उचललंसुद्धा. मला विचारायची पद्धत आपल्याकडे नाही. माणूस पोत्यासारखा उचलता आला की त्याला मत नसतं असा समज आहे. मी वर टांगलेल्या अवस्थेतच ऑर्डर दिली, "एक कट वडा, रस्सा जास्ती." वेटर इतका हसला, की मी तिरकी झाले आणि वहिनींनी देवाचं नाव घेतलं.

वडा मात्र असा, की त्यासाठी अजून एकदा टांगून घेईन. लालभडक कटात बुडालेला, वर कांदा, आणि तिखट इतकं, की अण्णाला घाम आला आणि तो म्हणाला, "आज जरा बेताचंच हाय."

बाहेरच्या दारातून आत

पार्कचं नाव सांगत नाही. तिकडची माणसं वाईट नव्हती, आणि पुढं जे झालं ते वाचून कुणी त्यांच्यावर चिडू नये. तिकिटाची खिडकी इतकी उंच, की मी "चार द्या" म्हटल्यावर आतली बाई उठून इकडेतिकडे शोधायला लागली. शेवटी सायलीनं बोट खाली केलं. बाईनं वाकून बघितलं, "अय्यो!" म्हणाली आणि माझ्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला. या पट्ट्यानं प्रत्येक राईडला एकदा रांग न लावता जायचं. सोबत तिघं. दुसऱ्यांदा बसायचं असेल तर सगळ्यांसारखं.

अण्णानं तो पट्टा निवडणुकीत निवडून आल्यासारखा निरखला. हातात त्याच्या नव्हता, तरी चाल बदलली.

पट्टेवाल्यांना प्रत्येक राईडमध्ये बाहेर पडायच्या दारातून आत घेतात. सरळ चालणाऱ्यांना याचं नवल वाटतं, मला नाही. आमच्यासारख्यांचं मुख्य दार म्हणजे मागचंच. मंगल कार्यालयात उतार असतो तो स्वयंपाकघराच्या बाजूनं. त्यामुळं लग्नात नवरा कसा आहे ते मला उशिरा कळतं, पण बुंदी कशी आहे ते सगळ्यांच्या आधी.

पहिली राईड गोल फिरणाऱ्या कपबशांची. बाहेर उन्हात रांग नागमोडी वळली होती. आम्ही बाजूनं पुढं निघालो. अण्णा रांगेतल्या लोकांना हात जोडून नमस्कार करत चालला होता. त्याला थांबवायला सायलीनं चिमटा काढला. रांगेतला एक चेकच्या शर्टातला गृहस्थ बायकोला म्हणाला, "ह्यांचं बरं हाय बघ, थेट पुढं."

मी खुर्ची थांबवली. "बदलून घ्यायचं का भाऊ? पाय माझे घ्या, रांग मला द्या."

त्यानं छत्री उघडली. उन्हाला नव्हे, माझ्याकडं न बघण्यासाठी.

पण कपबशीपाशी पोचल्यावर मशीनवरच्या माणसानं अण्णाला विचारलं, "या मॅडम बसणार नाहीत ना? आमच्याकडं परमिशन नाही." अण्णानं माझ्याकडं बघितलं. मागं माणसं खोळंबली होती, कपबशी रिकामी होती. "आम्ही एक फेरी मारून येतो गं," असं म्हणून तिघंही बसले. मी बाहेर. मांडीवर पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि अण्णाची टोपी.

पुढच्या राईडला तसंच. त्याच्या पुढच्यालाही तसंच. माझ्या पट्ट्यामुळं माझ्याशिवाय सगळ्यांची सोय होत होती. तिसऱ्यांदा मांडीवर टोपी आली, तेव्हा मला गोव्याचा समुद्र आठवला.

मधे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तुमच्यापैकी कुणी जाल. अपंगांसाठी म्हणून वेगळं स्वच्छतागृह आहे, दारावर खुर्चीचं चित्रही आहे. दाराला कुलूप. किल्ली ज्याच्याकडं, तो जेवायला गेलेला. तो आला, उघडलं, तर आत झाडू, बादल्या आणि मागच्या कुठल्या तरी सणाचा कागदी हत्ती. हत्तीला बाहेर काढावं लागलं. तो बाहेर उभा राहिल्यावर लोक त्याच्याबरोबर फोटो काढायला लागले आणि माझ्या दाराबाहेरही रांग लागली.

गुंजीच्या आक्का

हत्तीच्या बाजूलाच कडुलिंबाखाली तीन बायका पाय पसरून बसल्या होत्या. नऊवारी, डोक्यावर पदर, मधे भडंगाची पुडी. त्या खानापूर तालुक्यातल्या गुंजीच्या. बचतगटाच्या बायकांची बस आली होती, तरण्या बायका राईडवर गेल्या आणि या तिघी गुडघ्यांमुळं मागं राहिल्या. बोलायचं काम थोरल्या पार्वतीआक्काकडं होतं. बाकीच्या दोघी मान हलवायच्या.

"तू बी राखणीला व्हय?" माझ्या मांडीकडं बघून त्यांनी विचारलं.

"व्हय. आणि तुमी?"

"आमास्नी रांगेत उभं ऱ्हाता येत न्हाय बाई. ते बघ, ते झुलतंय ते." त्यांनी बोट दाखवलं. माळाच्या टोकाला ते जहाज आकाशात चढत होतं आणि परत खाली येत होतं. माणसांच्या किंकाळ्या वाऱ्यानं इथवर येत होत्या. "सकाळधरनं बघत्याव. एवढं ओरडत्यात म्हंजे लई मजा असणार."

माझ्या डोक्यात काय आलं ते मला आधी हातांनीच सांगितलं, कारण त्यांनी चाकं फिरवायला सुरुवात केली. पट्ट्यावर सोबती तिघं असं लिहिलं होतं. ते माझ्याच घरातले असावेत असं कुठं लिहिलं नव्हतं.

"चला उठा," मी म्हणाले. "तुमी तिघी आता माझी माणसं."

पार्वतीआक्कांनी भडंगाची पुडी कनवटीला मारली. अण्णाची टोपी आणि बाकी सामान मी कागदी हत्तीच्या पायाशी सायलीला दिसेल असं ठेवलं, आणि तिला तसा मेसेज टाकला. आम्ही निम्म्या वाटेत होतो तोवर अण्णाचा फोन आला.

"कुठं हैस तू?"

"जहाजाकडं. थेट पुढं."

"आणि आमी?"

"तुमी रांगेत या."



जहाज

जहाजाच्या बाहेरच्या दारापाशी निळा टीशर्ट घातलेला माणूस होता. पट्टा बघून त्यानं तिघींना आत घेतलं आणि मला हात केला. "निल्लरी, मॅडम. तुमी इथंच थांबा."

"मी बसणार आहे."

"नाही जमणार."

"का?"

"रूल हाय."

पार्वतीआक्का जहाजाच्या कडेला पोचल्या होत्या. त्या वळल्या, परत आल्या आणि गुडघ्यावर हात ठेवत सावकाश दाराच्या मधोमध खाली बसल्या. बाकीच्या दोघीही बसल्या. तिघी मिळून दार पूर्ण भरलं.

"आक्का, उठा की!" तो घाबरला.

"गुडघं धरलं," पार्वतीआक्का म्हणाल्या. "आता ती बसली तरच सुटतील."

आधीचे लोक जहाजातून उतरले होते आणि त्यांना बाहेर पडायला वाट नव्हती. पुढच्या दारानं रांग आत यायला बघत होती. त्या माणसानं वॉकीटॉकीवर कानडीत भडाभडा काहीतरी सांगितलं, आणि थोड्या वेळात एक सुपरवायझर बाई आल्या. साडीवर जॅकेट, गळ्यात शिट्टी. त्यांनी परिस्थिती बघितली आणि माझ्या डोक्यावरून पार्वतीआक्कांना विचारलं, "इवरिगे नड्याक बर्तदेन्री?" यांना चालता येतं का?

"नन्नन केळ्री," मी म्हणाले. मला विचारा.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग त्या गुडघ्यावर वाकल्या, माझ्या डोळ्यांच्या उंचीला आल्या आणि निपाणी वळणाच्या मराठीत बोलल्या, "बरं. तुम्हीच सांगा. खुर्चीतनं त्या सीटवर तुमचं तुम्ही जाऊ शकता का? समोरचा दांडा दोन्ही हातांनी शेवटपर्यंत धरून ठेवाल का? मधेच बंद पडलं तर खाली कसं उतरवायचं ते मला आधी ठरवायला पाहिजे. मला तुम्हाला नको म्हणायचं नाही. पण पडलात तर तुमच्याआधी मी रडणार."

दिवसभरात पहिल्यांदाच कुणीतरी प्रश्न विचारला होता. तोवर सगळे उत्तरच घेऊन येत होते. भांडायची सगळी तयारी वाया गेली.

"दाखवते," मी म्हणाले.

खुर्ची जहाजाला समांतर लावली, ब्रेक लावले, सीटची कड धरली आणि दंडांवर जोर देऊन अंग पलीकडं टाकलं. पाय हातानं उचलून आत घेतले. नारळ सोलणाऱ्याला यात काही विशेष नाही. बाईंनी दांडा आवळला, तो स्वतः ओढून बघितला, मला तीनदा घट्ट धरायला लावला आणि म्हणाल्या, "मधल्या ओळीत बसा. टोकाला झोका जास्त लागतो. हात वर केलात तर मी बंद करीन."

पार्वतीआक्कांचे गुडघे ताबडतोब सुटले. तिघी माझ्या मागच्या ओळीत बसल्या.

तेवढ्यात रांगेतल्या लोकांच्या शिव्या खात, त्यांना बाजूला सारत घामानं भिजलेला अण्णा आत आला. मागं वहिनी आणि सायली. त्यानं आधी माझी रिकामी खुर्ची पाहिली, मग मला.

"सुमे! उतर आदी! ओ बाई, थांबवा ते!"

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी सहा-सात वर्षांची असताना कुबडीवरून विहिरीच्या काठाशी घसरले होते, तेव्हा मला धरायला तोच धावला होता. तेव्हापासून माझ्या वतीनं भ्यायचं काम त्यानं घेतलंय. मी कधी त्याला सोडवलं नाही, हेही खरं. कुणीतरी भीत असलं की बरं वाटतं.

"अण्णा," मी म्हणाले, "एकतर शेजारी बस, न्हायतर बाजूला हो. लोक खोळंबल्यात."

तो बसला. मला धरण्यासाठीच बसला. दांडा खाली आला आणि त्यानं माझ्या दंडाला विळखा घातला.

जहाज हलकं हललं, शाळेतल्या झोपाळ्यासारखं. मग जरा वर. मग आणखी वर. आणि मग पोट जागेवर राहिलं आणि बाकीचा माणूस खाली गेला. मी खोटं सांगणार नाही, मी किंचाळले. माझ्या आवाजात असा सूर आहे हे मला ठाऊक नव्हतं. वरच्या टोकाला एक क्षण सगळं थांबतं. त्या क्षणात मला माळ दिसला, तंबाखूची रिकामी शेतं, हायवेवरचे काडेपेटीएवढे ट्रक, लांब घाटाची निळी रेघ, आणि खाली छपराविना उन्हात उभी असलेली रांग. पायांखाली जमीन नसणं माझ्या सवयीचं आहे. पण तिथं ती कुणाच्याच पायांखाली नव्हती.

मागून पार्वतीआक्कांचा आवाज येत होता, "अगं आई गं! अगं आई गं! अजून जोरात सांगा त्याला!"

आणि शेजारी अण्णा. डोळे गच्च मिटलेले, माझा दंड सोडून माझ्या पदरात तोंड खुपसलेलं. "सुमे, धर गं मला," तो म्हणत होता. मी दांड्यावरचे हात काढू शकत नव्हते. म्हणून मी त्याच्या अंगावर रेलले आणि म्हणाले, "हाय मी. डोळं उघडू नको."

खुर्चीतला अण्णा

जहाज थांबलं. अण्णा उभा राहिला आणि लगेच बसला. परत उभा राहिला, दोन पावलं टाकली आणि जी पहिली खुर्ची दिसली तिच्यात कोसळला. ती माझी होती. कट वडा आज खरोखर बेताचा नव्हता, हे त्याच्या पोटाला आता कळत होतं.

निळ्या टीशर्टवाला धावत आला. खुर्चीत माणूस दिसला की या लोकांचे हात आपोआप चालतात. त्यानं मागचे दांडे पकडले आणि वहिनींना विचारलं, "मावशी, यांना कुठं न्यायचं? पाणी पितात का? उलटी होते का यांना नेहमी?"

"अरे मला इचार की!" अण्णा आतून ओरडला. "मी हाय की हितं!"

त्यानं ऐकलं नाही. अण्णाला घेऊन तो सावलीकडं निघालासुद्धा. अण्णा दोन्ही हात वर करून "थांब रं, थांब रं" करत गर्दीतून जात होता आणि लोक त्याच्याकडं कीव करून वाट देत होते. सायली कठड्याला धरून हसत होती. वहिनी आधी रागावल्या आणि मग पदर तोंडाला लावून पाठमोऱ्या झाल्या. त्यांचे खांदे हलत होते.

मी जहाजाच्या कडेला बसून राहिले, माझी खुर्ची परत येईपर्यंत. ती आली तेव्हा सुपरवायझर बाईच ढकलत आल्या. "तुमचे भाऊ झाडाखाली लिंबूसरबत पिताहेत," त्या म्हणाल्या. "म्हणत होते, खुर्चीतल्या माणसाला विचारल्याशिवाय ढकलायचं नसतं असा बोर्ड लावा."

"लावणार का?"

"लावायला हवा," त्या म्हणाल्या आणि मग विचारलं, "कसं वाटलं?"

"अजून एकदा बसायचं आहे."

त्यांनी माझ्या मनगटाकडं बोट केलं. "मग मागं जावं लागंल. पट्ट्यावर एकदाच."

वहिनी म्हणाल्या, "जाऊ द्या ताई, ऊन लई हाय." सायलीनं खुर्चीचे दांडे धरले. मी तिला नको म्हणाले. गुंजीच्या तिघींची बस भोंगा वाजवत होती, त्यांनी माझी दृष्ट काढल्यासारखं कानशिलावर बोटं मोडली आणि गेल्या.

मी एकटीच रांगेच्या शेवटाला गेले. इथं लोखंडी कठडे नव्हते, खांबांना दोर बांधलेला होता, त्यामुळं खुर्ची मावत होती. पुढच्या बाईच्या खांद्यावरचं लेकरू मला जीभ दाखवत होतं. मीही दाखवली. रांग पुढं सरकली. मी मात्र वर जाणाऱ्या जहाजाकडं बघत राहिले, लोक वरच्या टोकाला कसे ओरडतात ते ऐकत.

"ओ बाई!" मागून एक दणदणीत आवाज आला. "झोपलाय काय? पुढं सरका की! सगळ्यांनी तुमच्यासाठी थांबायचं व्हय?"

आजवर इतकं कडक मला रांगेत कुणी बोललं नव्हतं. मी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. घामाघूम झालेला, वैतागलेला, भला दांडगा माणूस. माझ्यासाठी त्याच्याकडं कसलीही दया नव्हती.

"सरकते हो," मी म्हणाले, आणि मनापासून सावकाश सरकले.